सर्पगंधा, खाजकुइली आणि कंपवाताचे रसायन

खाजकुइलीचा वेल आपल्यापैकी अनेकांनी कुंपणावर किंवा रानात पाहिला असेल. तिच्या शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की काय होते, हे खेड्यातील शाळेत शिकवणाऱ्यांना सांगायला नको. एखाद्या व्रात्य मुलाने ती दुसऱ्याच्या सदऱ्यात टाकली आणि प्रकरण मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेले, असे बहुतेक शाळांत कधी ना कधी घडलेले असते. या शेंगेतील बियांमधून १९३७ साली मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेतील दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी एल-डोपा नावाचे एक अमिनो आम्ल वेगळे केले व इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली.

आज हाच रेणू गोळीच्या रूपाने जगभरचे कंपवाताचे रुग्ण दिवसातून अनेक वेळा घेतात. परंतु १९३७ साली त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही. त्याही आधी, १९१३ साली, स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश कंपनीतील मार्कस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांपासून एल-डोपा मिळवले होते. त्यांनी ते २.५ ग्रॅम स्वतःच घेऊन पाहिले. त्यांना जोराच्या उलट्या झाल्या, आणि सशांवरही विशेष परिणाम न दिसल्याने हा पदार्थ औषधी दृष्ट्या निरुपयोगी ठरला. म्हणजे औषध सुमारे अर्धे शतक बाटलीत पडून होते आणि रुग्ण खाटेवर. पदार्थ हाती असणे आणि तो कशासाठी आहे हे कळणे, यांमध्ये किती अंतर असू शकते हे पाहायचे असेल तर कंपवाताच्या संशोधनाइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. मेंदूचे काम आणि मेंदूचे रोग यांविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातील पुष्कळसे या एका रोगाचा पाठलाग करताना हाती लागले आहे.

हॉक्स्टनचा डॉक्टर

जेम्स पार्किन्सन (१७५५-१८२४) हा लंडनच्या हॉक्स्टन भागातील एक साधा डॉक्टर. राजकीय सुधारणांसाठी पत्रके लिहिणे आणि जीवाश्म गोळा करणे हे त्याचे दोन नाद. पहिल्या नादापायी त्याला १७९४ साली राजाच्या खुनाच्या कथित कटाच्या चौकशीला सामोरे जावे लागले. दुसऱ्यामुळे १८०७ साली स्थापन झालेल्या लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या संस्थापकांत त्याचे नाव आले. १८१७ मध्ये त्याने कंपवातावर ६६ पानांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात फक्त सहा रुग्णांची वर्णने आहेत. त्यांपैकी काही त्याला रस्त्यात भेटलेले, आणि एकाला तर त्याने केवळ लांबून पाहिले होते! निरीक्षण म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना सांगताना सूक्ष्मदर्शकाआधी या पुस्तिकेचे उदाहरण द्यावे, असे आम्हाला वाटते. हात स्वस्थ असताना होणारा कंप, पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता पळू लागल्यासारखी पडणारी पावले, हे सारे सहा माणसांकडे नीट पाहून त्याने टिपले.

पन्नासेक वर्षांनी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी या वर्णनात महत्त्वाची भर घातली. सगळ्याच रुग्णांना कंप सुटत नाही, आणि त्यांच्या स्नायूंत दुर्बलता नसते, हे त्यांनी दाखवले. शक्ती असते, पण हालचाल सुरूच होत नाही. झाली तर फार सावकाश होते. सदऱ्याची बटणे लावायला दहा मिनिटे लागतात. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत जाते. चेहऱ्यावरचे भाव गोठल्यासारखे होतात, त्यामुळे घरच्यांनाही माणूस रुसला आहे की काय असे वाटू लागते. आपण मराठीत कंपवात म्हणतो खरे, परंतु रुग्णाला कंपापेक्षा ही मंदताच अधिक छळते. म्हणूनच शार्को यांनी जुने ‘थरथरणारा लकवा’ हे नाव सोडून रोगाला पार्किन्सनचे नाव दिले.

हा रोग काही दुर्मीळ नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. तीत १४,०१० लोकांत ४६ रुग्ण आढळले. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे, म्हणून हा आकडा जसाच्या तसा सर्वांना लावता येणार नाही. पण आयुर्मान वाढत जाईल तसतसे इतर समाजही त्याच वाटेने जाणार, हे उघड आहे.

काळा पट्टा

रोग मेंदूत आहे की स्नायूंत, मज्जारज्जूत आहे की आणखी कोठे, यावर बराच काळ वाद होता. मध्यमेंदूचा आडवा छेद घेतला तर दोन्ही बाजूंना एकेक काळपट पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तेथील चेतापेशींत मेलॅनिनसारखे रंगद्रव्य असल्याने तो रंग येतो. लॅटिनमध्ये त्याला सब्स्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. आपण कृष्णद्रव्य म्हणू. १९१९ साली ट्रेटियाकॉफ नावाच्या तरुण डॉक्टरने पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात दाखवले, की कंपवाताच्या रुग्णांत या भागातील पेशी नष्ट झालेल्या असतात, पट्टा फिका पडलेला असतो. उरलेल्या काही पेशींत त्याला गोल पिंड दिसले. तसे पिंड मेंदूच्या दुसऱ्या भागांत १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिले होते, म्हणून त्यांना लेवी पिंड हे नाव मिळाले. या पिंडांची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

जागा सापडली, तरी तेथे बिघडते काय हे कळेना. याचे कारण असे, की मेंदूचे काम कसे चालते याविषयीची समजूतच तेव्हा अपुरी होती. चेतातंतूतून विजेचे स्पंदन जाते हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु एक तंतू संपतो आणि पुढच्या पेशीचा पृष्ठभाग सुरू होतो, त्यामधल्या सूक्ष्म फटीत काय होते? ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून तेथे रसायन पाझरते हे सिद्ध केले. मात्र हृदय वेगळे आणि मेंदू वेगळा, असे म्हणणारे पुष्कळ होते. मेंदूसारख्या चपळ इंद्रियात रसायनांसारख्या संथ दूतांचे काय काम, असा त्यांचा प्रश्न. हा वाद १९५० च्या दशकातही पुरता मिटला नव्हता.

मुंबईहून बाझेलला, बाझेलहून लुंडला

तो मिटवण्यास हातभार लावला एका भारतीय मुळीने. सर्पगंधा आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बिहारकडे तर वेडावरचे औषध म्हणून ती बाजारात विकली जाई. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब व मनोविकार दोहोंवर उपयोगी पडते असे लिहिले. परंतु जगाचे लक्ष तिच्याकडे गेले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखामुळे. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा काय परिणाम झाला ते मोजून-मापून मांडले. १९५७ मध्ये त्यांना यासाठी अमेरिकेचा लास्कर पुरस्कारही मिळाला. मधल्या काळात, १९५२ साली, बाझेलच्या सीबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य द्रव्य वेगळे केले होते. त्याचे नाव रेसर्पिन.

रेसर्पिन रक्तदाबासाठी व मनोरुग्णांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले, आणि डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट आढळली. मोठ्या मात्रेने काही रुग्ण मंद होत, ताठरत, त्यांचे हात कापू लागत. हुबेहूब कंपवात! औषध थांबवले की लक्षणे हळूहळू जात. रोग बरा करणारे औषध मिळाले की आपण आनंदतो. परंतु रोग निर्माण करणारे द्रव्य मिळाले तर संशोधकाला कधी कधी त्याहून अधिक आनंद होतो, कारण आता त्याला प्रश्न प्रयोगशाळेत नेता येतो.

१९५५ साली अमेरिकेतील बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले, की रेसर्पिन दिल्यावर सशाच्या मेंदूतील सेरोटोनिन नाहीसे होते. त्या वर्षी तेथे काही महिने शिकायला आलेले स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी मायदेशी, लुंडला, परतल्यावर सहकाऱ्यांसह दाखवले, की रेसर्पिनने नॉरॲड्रेनॅलिनही नाहीसे होते. मग सशांना जी मरगळ येते ती नेमकी कशाच्या अभावामुळे? हे ठरवण्याची त्यांची युक्ती सोपी होती. गेलेला पदार्थ परत द्यायचा आणि काय होते ते पाहायचे. अडचण एवढीच, की हे पदार्थ रक्तातून मेंदूत शिरत नाहीत; रक्तवाहिन्यांच्या भिंती त्यांना अडवतात. म्हणून तयार पदार्थाऐवजी त्याच्या आधीच्या पायरीवरचा, आत जाऊ शकणारा पदार्थ द्यायला हवा होता. या पायऱ्या अशा: टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपा बनते, डोपापासून डोपामिन, डोपामिनपासून नॉरॲड्रेनॅलिन आणि त्यापासून ॲड्रेनॅलिन.

रेसर्पिन दिलेले ससे कान पाडून मुटकुळे करून बसले होते. सेरोटोनिनच्या आधीच्या पायरीचा पदार्थ टोचला, पण ते तसेच राहिले. डोपा टोचले, आणि थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. हा प्रयोग १९५७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे अभाव नॉरॲड्रेनॅलिनचा होता, असे कोणीही म्हणेल. कार्लसन यांनी ते गृहीत धरले नाही. हिंडणाऱ्या सशांचे मेंदू तपासले. नॉरॲड्रेनॅलिन तेथे नव्हतेच! डोपा मधल्या पायरीवर, डोपामिनवर, थांबले होते. डोपामिनला तोवर कोणी स्वतंत्र किंमत दिली नव्हती. जिन्यातील मधली पायरी, एवढाच त्याचा मान. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॅथलीन माँटॅग्यू यांना मेंदूत डोपामिन आढळले. कार्लसन यांच्या गटाने ते मोजण्याची पद्धत बसवून १९५८ मध्ये दाखवले, की ते सर्वसाधारण मेंदूत पुरेसे असते, रेसर्पिनने जाते आणि डोपाने परत येते. पुढच्या वर्षी त्यांच्याच विद्यार्थ्यांनी, बर्टलर आणि रोझेनग्रेन यांनी, ते मेंदूत कोठे साठलेले आहे हे शोधले. बहुतेक सगळे डोपामिन स्ट्रायेटम या खोलवरच्या, हालचालींशी संबंधित भागात होते.

आता सगळे धागे जुळले असे आपल्याला वाटते. तेव्हाच्या जाणत्यांना तसे वाटले नाही. मार्च १९६० मध्ये लंडनला भरलेल्या एका परिषदेत या क्षेत्रातील मातब्बरांनी कार्लसन यांचे म्हणणे शंकेनेच ऐकले. ते हटवादी होते असे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. सशाच्या मरगळीवरून माणसाच्या रोगाकडे जायला मध्ये पूल हवा होता.

व्हिएन्नातील गुलाबी रंग

तो पूल बांधला व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकीविझ यांनी. बर्टलर-रोझेनग्रेन यांचा लेख वाचताच, रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतील डोपामिन मोजून पाहावे हे त्यांच्या मनात आले. सहकारी हर्बर्ट एरिंगर यांच्यासह त्यांनी कंपवाताच्या सहा रुग्णांचे आणि तुलनेसाठी इतरांचे मेंदू मिळवले. पद्धत जुनीच होती: अर्कात डोपामिन असेल तर रासायनिक प्रक्रियेनंतर नळीतील द्रव गुलाबी होतो. इतर मेंदूंच्या नळ्या गुलाबी झाल्या. कंपवाताच्या रुग्णांच्या नळ्यांत रंगाची जेमतेम छटा आली. उपकरण लावून आकडे काढायच्या आधीच उत्तर डोळ्यांपुढे होते. मेंदूच्या एखाद्या ऱ्हासकारी रोगाशी एका विशिष्ट रसायनाच्या अभावाचे नाते असे स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसत होते. १९६० साली हा निबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

पुढची पायरी हॉर्निकीविझ यांना लगेच सुचली. त्यांच्या आग्रहावरून डॉ. वाल्टर बिर्कमायर यांनी जुलै १९६१ मध्ये काही रुग्णांना शिरेतून एल-डोपा दिले. ज्यांना उठून बसवत नव्हते ते उठून बसले, ज्यांना उभे राहवत नव्हते ते चालू लागले. परिणाम काही तासच टिकला. परंतु जो माणूस वर्षानुवर्षे कुशीवर वळायलाही दुसऱ्याची वाट पाहत पडून आहे, त्याला हे काही तास म्हणजे काय वाटले असतील!

यानंतर औषध दुकानात यायला नऊ वर्षे लागली, हे वाचून नवल वाटेल. इतरांनी प्रयोग करून पाहिले. कोणाला गुण आला, कोणाला नाही, आणि मळमळ मात्र बहुतेकांना झाली. गुगेनहाइम यांना झालेला त्रास येथेही आडवा आला. कारण पोटात घेतलेल्या डोपाचे बरेचसे रूपांतर मेंदूबाहेरच डोपामिनमध्ये होते आणि त्यामुळे उलट्या होतात. मार्ग काढला अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील जॉर्ज कोट्झियास यांनी. ते मुळात मँगेनीजच्या विषबाधेचा अभ्यास करत होते. चिली देशातील मँगेनीजच्या खाणकामगारांत कंपवातासारखी लक्षणे दिसत, म्हणून ते या रोगाकडे वळले. त्यांनी डोपाची अगदी लहान मात्रा सुरू करून ती आठवड्यांमागून आठवडे सावकाश वाढवली, थेट दिवसाला १६ ग्रॅमपर्यंत. शरीर मळमळीला सरावत गेले. १९६७ साली त्यांनी जाहीर केले, की १६ पैकी ८ रुग्णांत मोठी सुधारणा झाली. १९७० मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. मग १९७० च्या दशकातच त्याला कार्बिडोपासारख्या सोबत्याची जोड मिळाली. हा सोबती मेंदूत शिरत नाही, पण बाहेरचे रूपांतर रोखतो. त्यामुळे डोपाची गरज पूर्वीच्या एक चतुर्थांशावर आली. आजची गोळी ती हीच.

कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हॉर्निकीविझ यांना वगळल्याबद्दल अनेक मेंदूवैज्ञानिकांनी उघड पत्र लिहून नाराजी व्यक्त केली. आमचेही मत त्यांच्याच बाजूचे आहे.

टाकी आणि नळ

औषध सापडले, पण रोग बरा झाला नाही. पहिली काही वर्षे गोळीचा गुण दिवसभर टिकतो. पुढे तो दोन-तीन तासांवर येतो. गोळीचा अंमल असताना हातापायांच्या नको असलेल्या हालचाली होतात आणि अंमल उतरला की माणूस गोठतो. हे का होते, ते आपल्याकडील पाणीपुरवठ्यावरून समजावून देता येईल. नळाला रोज दोन तास पाणी येते अशा गावात घरात टाकी असेल, तर पाणी दिवसभर पुरते. टाकी फुटली, की नळ चालू असताना घरभर पाणी आणि गेल्यावर ठणठणाट. उरल्यासुरल्या चेतापेशी ही टाकी. त्या डोपापासून डोपामिन बनवून साठवतात आणि बेताने सोडतात. गोळी नळाचे काम करते. पेशींची गळती थांबवत नाही. आणि लक्षणे प्रथम दिसतात तेव्हाच स्ट्रायेटममधील डोपामिन निम्म्याहून कितीतरी अधिक घटलेले असते.

ही मर्यादा फार लवकर, आणि फार क्रूरपणे, लक्षात आली होती. १९१७ च्या सुमारास जगभर मेंदूज्वराची एक विलक्षण साथ आली होती. तीतून वाचलेले काही लोक पुढे दशकानुदशके गोठलेल्या अवस्थेत जगत होते. १९६९ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा रुग्णांना एल-डोपा दिले. तीस-चाळीस वर्षांनी माणसे बोलू-चालू लागली, आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत त्यांतील पुष्कळांना असह्य उपद्रव सुरू झाले. सॅक्स यांनी १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यावरचा १९९० चा चित्रपट काही वाचकांनी पाहिला असेल.

पेशी मुळात मरतात का, हा प्रश्न उरला. त्याचे एक अनपेक्षित उत्तर कॅलिफोर्नियात मिळाले. १९८२ साली तेथील डॉक्टर विल्यम लँग्स्टन यांच्यापुढे काही तरुण रुग्ण आले. सर्वजण एकाएकी पुतळ्यासारखे झालेले. जणू वीस वर्षांचा कंपवात काही दिवसांत जडला होता. सर्वांनी चोरून बनवलेल्या एकाच मादक द्रव्याची सुई घेतली होती. ते बनवताना निष्काळजीपणामुळे एमपीटीपी नावाचा भलताच पदार्थ तयार झाला होता. असाच प्रकार १९७६ साली मेरिलँडमधील एका विद्यार्थ्याच्या बाबतीत घडला होता. त्याची हकीकत १९७९ मध्ये एका मासिकात छापली गेली, पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

एमपीटीपी स्वतः फारसा विषारी नाही. मेंदूतील एक विकर त्याचे रूपांतर दुसऱ्या रेणूत करते. हा रेणू डोपामिनसाठी राखलेल्या दाराने नेमका त्याच पेशींत शिरतो आणि तेथील तंतुकणिकांचे काम बंद पाडतो. ऊर्जेअभावी पेशी मरतात. पॅराक्वाट या तणनाशकाची रचना या रेणूशी मिळतीजुळती आहे, हे लक्षात आल्यावर शेतीतील विषारी औषधे आणि कंपवात यांच्या नात्याचा शोध सुरू झाला. काही कीटकनाशके व तणनाशके हाताळणाऱ्यांत हा रोग अधिक आढळतो, असे त्यानंतरच्या पाहण्यांत दिसले आहे.

गंमत म्हणजे नेहमीच्या पांढऱ्या उंदरांवर एमपीटीपीचा टिकाऊ परिणाम झाला नाही, माकडांवर झाला. त्यामुळे रोगाचा अभ्यास करायला प्रथमच खरे प्रारूप मिळाले. अशा माकडांत महलॉन डीलाँग आणि सहकाऱ्यांनी पाहिले, की डोपामिन गेल्यावर सबथॅलॅमिक केंद्रक नावाचा एक लहानसा भाग अवाजवी सक्रिय होतो. १९९० मध्ये त्यांनी तो भाग निकामी केल्यावर माकडांची हालचाल सुधारली. तिकडे फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबीद यांना १९८७ सालीच दिसले होते, की मेंदूत खोल बसवलेल्या तारेतून सेकंदाला शंभराहून अधिक वेळा विजेचे सौम्य स्पंदन दिले तर कंप थांबतो, आणि पेशी जाळाव्या लागत नाहीत. दोन्ही वाटा एकत्र आल्या. ही शस्त्रक्रिया आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही होते. तीही लक्षणांवरचीच, रोगाची चाल तिने थांबत नाही.

लेवी पिंडांची गोष्ट

१९९७ मध्ये जुन्या लेवी पिंडांना पुन्हा महत्त्व आले. इटलीतील कोंतुर्सी गावच्या एका मोठ्या कुटुंबात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्यांच्यात अल्फा-सिन्युक्लीन या १४० अमिनो आम्लांच्या प्रथिनात ५३ व्या जागी ॲलानिनऐवजी थ्रिओनिन आढळले. एका जागेची चूक! आणि त्याच वर्षी ब्रिटिश व अमेरिकी संशोधकांना दिसले, की ज्यांच्या कुटुंबात हा रोग नाही अशा रुग्णांतील लेवी पिंडही याच प्रथिनाचे बनलेले असतात. प्रथिनाची घडी चुकते, चुकलेल्या घडीचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि शेजारच्या चांगल्या रेणूंनाही तीच चुकीची घडी घालायला लावतात.

२००३ साली जर्मनीचे हायको ब्राक यांनी असंख्य मेंदू तपासून सुचवले, की हे पिंड कृष्णद्रव्यात सुरू होत नाहीत. ते आधी मेंदूच्या देठाच्या तळाशी आणि वासाशी संबंधित भागात दिसतात व तेथून वर सरकतात. सगळे रुग्ण या क्रमात बसत नाहीत. पण वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे अशा तक्रारी थरथर सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधी का असतात, याचा काहीसा उलगडा त्यामुळे झाला. २०२३ मध्ये ११२३ लोकांच्या पाठीच्या कण्यातील द्रवावर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत चुकीच्या घडीचे प्रथिन ओळखता येते, आणि लक्षणे नसलेल्या काही धोक्यातील व्यक्तींतही ते सापडले. मात्र या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडे देऊन रोग रोखण्याचे जे दोन मोठे प्रयत्न झाले, त्यांचे २०२२ साली आलेले निष्कर्ष निराशाजनक होते.

या सगळ्यात खाजकुइली मागे राहिली असे मात्र नाही. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर तुलनात्मक प्रयोग झाला. त्यात तिच्या बियांच्या ३० ग्रॅम भुकटीचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि अधिक वेळ टिकला. ज्यांना गोळ्या परवडत नाहीत अशा बोलिव्हियातील १८ रुग्णांवरचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तोही आशादायक होता. आमच्याकडे सर्व काही पूर्वीच ठाऊक होते, असा अर्थ यातून काढणाऱ्यांनी मद्रासच्या १९३७ च्या बाटलीची आठवण ठेवावी. आणि बियांतील एल-डोपाचे प्रमाण कमीजास्त असते, म्हणून डॉक्टरांना न विचारता ती भुकटी घरी घेऊन पाहण्याचा मोह कोणी करू नये.

मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी लावण्याची कल्पना लुंडमध्येच प्रथम माणसात पद्धतशीरपणे आजमावली गेली. १९८७ पासून तेथे गर्भाच्या मेंदूतील पेशी रुग्णांत बसवण्यात आल्या. काहींना चांगला गुण आला, पण नंतरच्या अमेरिकेतील नियंत्रित प्रयोगांनी निराशा केली. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन नवे प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध झाले. क्योटोमध्ये सात रुग्णांना प्रौढ पेशींपासून मागे वळवून मिळवलेल्या मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी देण्यात आल्या, आणि अमेरिका-कॅनडात बारा रुग्णांना भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या. दोन्हीकडे पेशी तगल्या, गंभीर अपाय दिसला नाही आणि त्या डोपामिन बनवत असल्याची चिन्हे मेंदूच्या चित्रणात मिळाली.

परंतु २००८ साली एक गोष्ट उघडकीस आली होती. पूर्वी बसवलेल्या गर्भपेशी अकरा ते सोळा वर्षांनी, रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासल्या, तेव्हा त्यांतील काहींत लेवी पिंड आढळले. रोग जुन्या पेशींतून नव्या पेशींत शिरला होता. क्योटोच्या आणि अमेरिकेच्या पेशींचेही तसेच होईल का, हे कळायला त्या रुग्णांबरोबर आणखी दहा-पंधरा वर्षे थांबावे लागेल.